अजानच्या घोटभर आधी

एकोणीस रमजान अवातिफनं नवऱ्याला फोनवर मालिका सांगण्यात काढले होते. रमझी तिकडे सौदीत, दम्माममध्ये क्रेन दुरुस्त करायचा, दहा जणांच्या खोलीत राहायचा, आणि त्या दहांत टीव्ही एकच, त्यावरही कुस्ती लावून बसणारा एक दांडगा होता. म्हणून इफ्तार आटोपला की इजिप्तमधल्या टंटा शहरातून अवातिफ फोन लावायची आणि त्या दिवशीचा भाग सांगायची, कोण कुणाच्या तोंडावर काय बोललं, सुनेनं कागद कुठं लपवला, वकील कसा फुटला, सगळं. मधेमधे स्वतःची भरही घालायची, "मी असते ना तिच्या जागी, तर उलथन्यानं थोबाड रंगवलं असतं त्याचं." रमझी हसायचा. मग मालिकेवरून बोलणं तुझी आई, माझी बहीण, तू कायमचा कधी येणार, या वळणाला लागायचं आणि फोन आपटण्यात संपायचं. दूरदेशी नवरा असलेल्या बाईचा संसार असाच चालतो. हाताशी नसलेल्या माणसावर रागसुद्धा धड काढता येत नाही, तो नुसता तोंडातून सांडत राहतो, आणि लोक म्हणतात बाई तोंडाळ आहे.

विसाव्या वर्षी, रमजानला चार दिवस असताना, रमझीनं सांगितलं की शफीकला घरात घे, मी त्याच्याशी बोललोय, तो एक डबी बसवून जाईल.

शफीक म्हणजे गल्लीतला डिश बसवणारा, पन्नाशीचा, पोट पुढं आणि जीभ त्याच्याही पुढं. त्यानं विटेएवढी काळी डबी टीव्हीखाली ठेवली, छतावरच्या डिशची तार तिच्यात खुपसली, इंटरनेटची तार खुपसली, आणि पालथा पडून धुळीत हात घालत बोलत राहिला.

"नशवाच्या आई, ही घरातली कोठी समजा. वरची थाळी जे जे पकडेल ते ही भरून ठेवणार, आणि तिकडं साहेबांनी ताट पुढं केलं की ही वाढणार. मालिका सातला लागते ना? रोज सातला आपोआप भरली जाईल. तुम्हाला उठायचीसुद्धा गरज नाही."

"मग माझी गरज कशाला उरली?"

"चहा करायला."

"तो तुझ्या बायकोला सांग," अवातिफ म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

परत आली तर शफीक स्टुलावर चढून काचेच्या कपाटाच्या माथ्यावर आणखी काहीतरी बसवत होता, बाटलीच्या झाकणाएवढा काळा डोळा. साहेबांनीच सांगितलंय, तो म्हणाला. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या पाव तास आधी हा डोळा उघडणार आणि दोन तासांनी मिटणार, इफ्तारचं टेबल, हाजीण, तुम्ही, लेक, सगळं त्याच डबीत साठणार. ऐन वेळी साहेब कामावर असतात, पाळी संपवून खोलीवर गेले की फोनवर निवांत बघतील. मग त्यानं रमझीला फोन लावून दिला, आणि तिकडून रमझी दहा जणांच्या खोलीत ओरडला, "दिसतंय! अगं, सगळं दिसतंय! पडदा कधी बदललास?"

अवातिफनं पटकन पडद्याची चुणी सरळ केली. पण ती म्हणाली, "चार वर्षं झाली बदलून. महिनाभर येतोस तेव्हा डोळे काय तिकडंच ठेवून येतोस?"

कोचावरून हाजीण बहिया, तिची सासू, ऐंशीची, जपमाळ ओढत म्हणाली, "पोराशी गोड बोलावं गं कधीतरी." हाजीणचं घरात एकाच गोष्टीवर राज्य होतं, रोजा सोडण्याची वेळ. लग्न होऊन आली त्या पहिल्या रमजानात अवातिफचा हात ग्लासाकडे गेला तर म्हातारीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं, टीव्हीवरची अजान सुरू होऊन पहिली ओळ पुरी होईपर्यंत. तेव्हापासून या घरात त्या ओळीआधी कुणाच्या ओठाला पाणी लागलेलं नव्हतं.

पहिले पाच दिवस सरळ गेले. फोन आता आखूड झाले होते. मालिका तो स्वतःच बघत होता, तिनं सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि अवातिफला इफ्तारनंतर तोंडाला कुलूप लागल्यासारखं व्हायचं. पण नवरा खूश होता, त्याचा आवाज मऊ झाला होता, तेव्हा तक्रार तरी कशाची करणार?

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "काल काय हसलीस गं! ओढणी डोळ्याला लावून. आई काय बोलली असं?"

अवातिफ आठवू लागली. काल सूप उतू गेलं होतं, भात तळाला लागला होता, तिचं बोट भाजलं होतं, आणि सगळे जेवायला बसले तेव्हा ती स्वयंपाकघरात नळाखाली बोट धरून उभी होती.

"नशवा असेल."

"लेकीला ओळखत नाही का मी? तू होतीस. हिरव्या झग्यात."

हिरवा झगा तिनं काल घातला होता हे खरं. दोन दिवसांनी तो म्हणाला की तू आईचे पाय चेपत होतीस, बघून जीव निवला माझा. आणि अवातिफचं आणि हाजीणचं तर पुदिन्याच्या जुडीवरून दोन दिवस बोलणंच बंद होतं. तिला वाटलं, हा टोमणे मारतोय. गोड आवाजात टोमणा मारायची कला त्याला आत्ता कुठं साधली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू झोपलेली, नशवा कॉलेजात, तेव्हा अवातिफनं मशीनवरचा अर्धा शिवलेला शाळेचा गणवेश तसाच टाकला आणि टीव्ही लावला. डबीत दोन कप्पे होते, एक मालिकांचा, दुसऱ्यावर शफीकनं 'घर' असं लिहून ठेवलेलं. त्या कप्प्यात ती कधी गेलीच नव्हती. राहतं घर सोडून टीव्हीवर तेच घर कोण बघत बसतं?

तिनं भात लागला त्या दिवसाची तारीख दाबली. दिवाणखाना दिसला, वरून, जरा तिरपा. टेबल, खजुराची बशी, जर्दाळूच्या सरबताचा जग, कोचावर हाजीण, आणि टेबलाच्या या अंगाला एक बाई, हिरव्या झग्यातली. अवातिफला आधी नुसतं ओशाळल्यासारखं झालं. आपली पाठ आपण कुठं बघतो? आपली मान अशी दिसते, खांदे असे उतरतात, कुणी सांगितलं म्हणूनही पटत नाही. बाईनं मान वळवली, आणि तो तिचाच चेहरा होता, उजव्या भुवईतल्या खुणेसकट. फक्त त्या चेहऱ्यावर घाई नव्हती. अवातिफ बघत राहिली. सूप आणायला नशवा उठली, ताटं नशवानं मांडली, बाई जागची हलली नाही. ती हाजीणकडे झुकून काहीतरी ऐकत होती, मग हसली, ओढणी डोळ्याला लावून, अगदी आवाज न करता. आणि हसणं ओसरल्यावर तिनं ग्लास उचलला आणि एक घोट पाणी प्याली.

त्यानंतर टीव्हीवर अजान झाली.

अवातिफनं ते पुन्हा लावून पाहिलं. घोट, मग अजान. आदल्या दिवसाचं लावलं. घोट, मग अजान. त्याच्या आदल्या दिवशी तर खजुराची बीसुद्धा बशीत टाकून झाली होती. आणि हाजीण, जी सुनेचं मनगट धरून ठेवणारी, ती समोर बसून हे बघत होती, लाडक्या लेकीकडे बघावं तसं.

अवातिफनं शफीकला बोलावून घेतलं. तो आला, दोन तारा हलवल्या, तीन तारखा लावून पाहिल्या.

"यात काय बिघाड आहे, नशवाच्या आई? डबीत चित्र आणि आवाज कधी मागंपुढं होतात. अजानवरच प्यायल्या असाल तुम्ही, आवाज उशिरा भरला गेला."

"आणि मी बसलेय ते? मी आत होते. बोट भाजलं होतं माझं."

"दिवसभराचा उपास, त्यात मशीनवर काम. माणसाला वाटतं एक आणि..."

"उपास तुझ्या अकलेला घडलाय."

शफीक हसला, पण स्टुलावरून उतरता उतरता तो जे बोलला त्यात खोट काढता येईना. "डबी खोटं कशाला दाखवेल? तिचं काय घोडं मारलंय तुम्ही?"

संध्याकाळी तिनं नशवाला समोर बसवून तेच दाखवलं. पोरीनं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग आईकडे. "तूच आहेस की, आई." मग म्हणाली, "छान दिसतेस इथं." अवातिफला कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

ती शाळेत चार यत्ता शिकलेली बाई होती, पण ताळा करून बघायला शाळा लागत नाही. विसाव्या रोज्याला, कुणाला एक शब्द न सांगता, चूल न पेटवता, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ती घराबाहेर पडली आणि गाडी धरून मोठ्या बहिणीकडे, जवळच्या महल्ला गावी गेली. सोहेरनं काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "भांडून आलीस वाटतं. हात धू आणि वांगी तळ." इफ्तारच्या वेळी अवातिफनं फोन टेबलावर उपडा ठेवला आणि मिनिटामिनिटाला सुलटा करून पाहिला. घरात इफ्तारचं पानच पडलेलं नसणार. म्हातारी कोकलत असेल, पोरगी जिना वर-खाली करत असेल, रमझीला फोन गेला असेल. फोन वाजला नाही. ती रात्रभर तिथंच राहिली. तरी वाजला नाही.

"किती आडमुठे आहेत बघ," ती सोहेरला म्हणाली, "म्हणतात, येईल आपोआप."

सकाळी दहाला तिनं घराचं दार उघडलं. हाजीण कोचावर जपमाळ ओढत होती. नशवा आरशासमोर डोक्याचा रुमाल टाचत होती. दोघींनी वर पाहिलं, आणि पुन्हा आपापल्या कामाला लागल्या. तोंडातून शिव्यांची माळ काढायच्या तयारीनं आलेली अवातिफ उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मग हाजीण म्हणाली, "कालची मुलुखियाची पातळ भाजी फर्मास झाली होती, पोरी. लसणाचा वास अजून बोटांना आहे. अशीच करत जा."

स्वयंपाकघरात ओट्यावर मोठं पातेलं घासूनपुसून पालथं घातलेलं होतं.

तिनं कालची तारीख लावून पाहिली नाही. हात रिमोटपर्यंत गेला, पण तिनं तो मागे घेतला. काय दिसणार ते तिला माहीत होतं, आणि एकदा पाहिलं की तिलाच ते खरं वाटलं असतं. तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता, भुताखेताचा नव्हे, माणसांचा. भूत काय, जागा मोकळी दिसली की बसतं. पण तेवीस वर्षं तिच्या हातचं खाल्लेल्या म्हातारीनं, नऊ महिने जिला पोटात वागवलं त्या पोरीनं, एका संध्याकाळीसुद्धा म्हणू नये की ही आमची नव्हे? की त्यांना कळलं होतं, आणि त्यांना हीच बरी वाटली होती?

दुपारी रमझीचा फोन आला. आवाज भरून आलेला.

"अवातिफ, मी नोकरी सोडली. ईदच्या आदल्या दिवशी येतोय. कायमचा."

एकोणीस वर्षं हेच वाक्य ऐकण्यासाठी तिनं फोन आपटले होते. ती खाटेवर बसली.

"एकदम कसं काय?"

"खरं सांगू? रागावू नकोस. इतकी वर्षं फोनवर तुझा आवाज ऐकला की वाटायचं, बरंय आपण इथं. आग नुसती. यंदा रोज बघतो तुला. आईशी कशी वागतेस, कशी शांत बसतेस, कशी हसतेस. काल ती मुलुखिया वाढताना तर वर माझ्याकडंच बघितलंस, सरळ, डोळ्याला डोळा लावून. मग माझ्यानं राहवेना. फोनवर अशी का वागतेस गं मग?"

तिच्या जिभेवर आलं होतं, ती मी नव्हे, मी काल महल्लाला वांगी तळत होते. हे बोललं की काय होणार तेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं. तो म्हणणार, बायको भ्रमिष्ट झाली; किंवा त्याहून वाईट, खरं मानणार, आणि मग यायला त्याला कारणच उरणार नाही. अवातिफनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातला शब्द गिळला. "ये," ती म्हणाली. "वाट बघते."

त्या दिवशी तिनं ठरवलं की टेबलाशी आपणच बसायचं. सूप नशवाला आणू दिलं, हिरवा झगा घातला, हाजीणच्या बोलण्यावर ओढणी डोळ्याला लावून हसली, आणि वर, काळ्या डोळ्याकडे, सरळ पाहिलं. पाणी मात्र अजानआधी तिच्यानं पिववेना. दुसऱ्या दिवशी रमझी जरा चाचरतच बोलला, "बरं नव्हतं का काल? चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. कुणासारखी तरी दिसत होतीस."

"कुणासारखी?"

"काय की. फोनवरच्यासारखी."

पुढच्या इफ्तारला ती स्वयंपाकघरात राहिली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज पुन्हा मऊ होता.

तेव्हा तिला कळलं की सौदा काय आहे, आणि तिनं तो केला. नवरा घरी आणायचा तर जागा सोडायची, थोडे दिवस. राहिलेले रोजे तिनं बेसिनपाशी उभ्यानं, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन सोडले. पडद्यापलीकडून चमच्यांचे आवाज यायचे, हाजीणचं बोलणं, नशवाचं हसणं, आणि मधे एखादा क्षण असा यायचा की त्या दोघी कुणाचं तरी ऐकत आहेत. पडदा सारायला चार पावलं पुरली असती. ती सारत नव्हती. येऊ तर दे, ती म्हणायची, एकदा तो या घरात आला, त्यानं हाताला हात लावला, की चित्राचं काय चालतंय? चित्राला अंग नसतं.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी नशवा बापाला आणायला स्टेशनवर गेली. दार लागल्याबरोबर अवातिफनं टीव्हीखाली हात घातला, डिशची तार उपटली, इंटरनेटची तार उपटली, कपाटावरचा डोळा खेचून काढला, आणि सगळं उशीच्या जुन्या अभ्र्यात कोंबून शफीकच्या दुकानात नेऊन आदळलं.

"अहो, सगळा महिना त्यात आहे," शफीक म्हणाला.

"पूस."

"साहेबांना विचारून..."

"माझ्यासमोर पूस."

त्यानं पुसलं. एकेक तारीख गेलेली तिनं उभं राहून पाहिली. मग घरी येऊन न्हाली, डोळ्यांत सुरमा घातला, हिरवा झगा कात्रीनं उभा फाडून पुसण्याच्या कापडांत टाकला आणि निळा घातला, जो या महिन्यात कुणी पाहिलेला नव्हता. दिवाणखाना मोकळा वाटत होता. कोचावर म्हातारी पेंगत होती, बाकी कुणी नव्हतं. अवातिफ स्वतःशीच गुणगुणत स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून भात भरायची द्राक्षाची पानं धुवायला बसली. आज टेबलाशी ती बसणार होती, त्याच्या उजव्या हाताला, आणि उद्या ईद होती.

जिन्यात पावलं वाजली. जड बॅग पायऱ्यांवर आपटत येत होती. घंटा वाजली तशी ती नळ तसाच सोडून, ओले हात झग्याला पुसत धावली आणि दार उघडलं.

दारात रमझी होता. केस पिकले होते, उन्हानं चेहरा तांब्याचा झाला होता. एक मजला खाली नशवा बॅगशी झटत, धापा टाकत होती. अवातिफ हसली, आणि ते हसू तिनं कुणाचं पाहून घेतलेलं नव्हतं, ते तिचं होतं, मोठं, दात दिसणारं.

रमझीनं तिच्याकडे पाहिलं. मग परकी बाई अचानक समोर आली की भला माणूस करतो तसं त्यानं खाकरून "या सातिर", अल्ला पडदा राखो, म्हटलं, नजर जमिनीला लावली, आणि एक पाऊल मागे सरून भिंतीला अंग चोरून उभा राहिला, तिला जायला वाट देत.

"माफ करा, ताई," तो खाली बघतच म्हणाला. "या तुम्ही. मी थांबतो."

आत कोचावर हाजीण जागी झाली. "आला का गं माझा रमझी?" तिनं विचारलं, दाराकडे नाही, स्वयंपाकघराकडे तोंड करून. "अवातिफ, पोरी, ठेव ते हातातलं. ये बाहेर."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.